गोठ्यातला बैल काय सांगतो?

आजचं वाचन: लूक २:१-१६, यशया १:२-३

प्रियांनो, नाताळ जवळ आलाय. पिंपरी, काळेवाडी, आकुर्डीत घरोघरी गोठे मांडले जातायत. पुठ्ठा, गवत, एलईडीची माळ, आणि बाळ येशूच्या शेजारी बैल आणि गाढव. पण आज लूकचा दुसरा अध्याय नीट वाचा. गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव कुठेच नाहीत! मग ते आले कुठून?

ते आले यशयाच्या पुस्तकातून. पहिल्याच अध्यायात देव खेदाने म्हणतो की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, पण माझ्याच लोकांना मी कळत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी दोन्हीकडची गव्हाण जोडून वाचली. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवरही बाळाजवळ ही दोन जनावरं कोरलेली आहेत. पुढे १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं.

म्हणजे हा बैल नुसता शोभेचा नाही. तो विचारतोय, "मी धन्याला ओळखलं. तू?"

चाकण म्हटलं की आपल्याला कंपन्या आठवतात, पण तिथं जनावरांचा बाजारही भरतो. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, संध्याकाळी बैल आपला गोठा चुकत नाही. आपलं काय? मी सॉफ्टवेअरवाला, कार्ड पंच झालं की सिस्टिम मला लगेच ओळखते. पण गेटवरचे सिक्युरिटीवाले काका, कँटीनमधल्या मावशी, कॉन्ट्रॅक्टवर आलेला परगावचा मुलगा, यांची नावं आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतात? आणि मत्तय २५ मध्ये प्रभू सांगतो की अशा लहानातल्या लहानासाठी जे केलं, ते त्याच्यासाठीच केलं. गव्हाणीतला राजाही ओळखायला सोपा नव्हताच.

२५ डिसेंबरला आपल्याला सुट्टी असेल, त्यांच्यापैकी काहींची शिफ्ट असेल. या आठवड्यात एकाला तरी नाव विचारा, गाव विचारा. जमलं तर नाताळला घरी जेवायला बोलवा. मग गोठ्यात बैल ठेवा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्या इतक्या जवळ येतोस आणि आम्ही घाईत पुढे निघून जातो. तुला ओळखणारे डोळे आम्हाला दे. आमेन.