मैत्रीची किंमत कोणी मोजायची?

वरचा मानला गेलेला माणूस आणि खालचा मानला गेलेला माणूस यांची खरी मैत्री होऊ शकते काय? होत असेल, तर तिची किंमत कोणी मोजायची? हा प्रश्न जसा आपला आहे, तसा अमेरिकेतील काळ्या बांधवांचाही आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्यांच्या व काळ्यांच्या स्थितीत किती साम्य आहे ते सांगितले. म्हणून एका अमेरिकन चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

स्टॅन्ले क्रेमर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द डिफायन्ट वन्स’ हा चित्रपट १९५८ साली आला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ असे म्हणून या पद्धतीला मान्यता दिली होती. १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील हा भेद घटनाबाह्य ठरविला. तरीही १९५७ साली लिटल रॉक या गावी नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी लष्कर आणावे लागले.

चित्रपटाची कथा साधी आहे. कैद्यांची गाडी अपघातात सापडते आणि दोन कैदी पळतात. एक गोरा, त्याला जोकर म्हणतात; दुसरा काळा, नोहा कलन. दोघांचे हात एकाच साखळीने बांधलेले आहेत. दोघांना एकमेकांचा तिटकारा आहे. हे दोघे एकमेकांनाच मारून टाकतील, अशी खात्री पोलीस अधिकाऱ्यांना वाटते. परंतु एकाला नदी ओलांडायची तर दुसऱ्यालाही ओलांडावी लागते. एक खड्ड्यात पडला तर दुसराही पडतो. याला मैत्री म्हणता येणार नाही. ही केवळ गरज आहे. एका गावात जमाव दोघांना फासावर लटकवायला निघतो, तेव्हा जोकर ओरडून सांगतो की मी गोरा आहे, मला असे मारता येणार नाही. हातात साखळी आहे, गळ्याशी दोर आला आहे, तरी कातडीचा अभिमान सुटत नाही!

हा जोकर काही श्रीमंत नव्हे. श्रीमंतांच्या मोटारी सांभाळून, त्यांनी दिलेल्या पैशाबद्दल आभार मानताना त्याचे मन जळत असे. म्हणजे अपमान काय असतो हे त्याला ठाऊक आहे. परंतु वरून मिळालेला अपमान त्याने खाली ढकलला. विषमतेची व्यवस्था टिकते ती अशीच. प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळाला की तो डोक्यावरच्याला विसरतो.

पुढे एका एकाकी बाईच्या घरी साखळी तुटते. खरी कसोटी येथे सुरू होते. ती बाई जोकरबरोबर पळून जायला तयार होते आणि कलनला मुद्दाम जीवघेण्या दलदलीची वाट दाखवते. हे कळताच जोकर तिला सोडून कलनच्या मागे धावतो. त्या धडपडीत त्याला गोळी लागते. आता त्याला कोणी बांधलेले नाही. ज्या क्षणी तो स्वतःचा लाभ सोडतो, त्या क्षणी त्यांच्या मैत्रीचा आरंभ होतो.

शेवटी कलन धावत्या मालगाडीवर चढतो आणि जखमी जोकरला हात देतो. जोकरला चढता येत नाही. कलन त्याचा हात सोडत नाही, आणि स्वतःच गाडीवरून खाली येतो. दोघेही पकडले जातात.

या शेवटाबद्दल काळे लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९७६ साली मार्मिक लिहिले आहे. उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांना हा शेवट पाहून हायसे वाटले; हार्लेममधील काळे प्रेक्षक मात्र संतापले. कलनने गाडी सोडलीच का, असा त्यांचा सवाल होता.

कोणाचे बरोबर? कलनची कृती थोर आहे, यात शंका नाही. जोकरने आधी रक्त सांडले होते, हेही खरे. परंतु हार्लेमच्या माणसांचा राग क्षुद्र म्हणता येत नाही. काळा माणूस पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यासाठी खाली उतरतच आला होता. त्याने आणखी एकदा उतरून आपले माणूसपण सिद्ध करावे, आणि ते पाहून गोऱ्याच्या मनाचे ओझे हलके व्हावे, हा कसला न्याय? शिवाय पकडले गेल्यावर त्या राज्यात काळ्याला आणि गोऱ्याला सारखी वागणूक मिळाली असती काय?

या चित्रपटाबाहेरची एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. जोकरचे काम करणारे टोनी कर्टिस हे तेव्हा मोठे नट होते. कलनचे काम करणाऱ्या सिडनी पॉयटियर यांचे नाव आपल्या बरोबरीने, चित्रपटाच्या नावाआधी झळकावे, असा आग्रह त्यांनी धरला. पुढे ऑस्करच्या प्रमुख अभिनेत्याच्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेले पॉयटियर हे पहिले काळे पुरुष ठरले. कर्टिस यांनी दया दाखविली नाही, आपल्या जागेतील वाटा दिला. करुणा आणि मैत्री यांतील भेद येथे समजतो. करुणा वरून खालीही करता येते. मैत्रीसाठी शेजारी उभे राहावे लागते.

मात्र मैत्री म्हणजे हक्क नव्हे, हेही विसरू नये. नळ आणि शाळा खुल्या झाल्या त्या न्यायालयातील झगड्याने, बहिष्काराने, मोर्चांनी आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. एखाद्या जोकरचे मन पालटण्याची वाट काळ्यांनी पाहिली नाही.

आपल्यालाही जुन्या वस्तीतले, शाळेतले, कचेरीतले मित्र आहेत. धम्म स्वीकारला म्हणून ती नाती तोडण्याचे कारण नाही. मैत्री तर धम्माचाच भाग आहे. परंतु प्रत्येक वेळी गाडीतून कोण उतरतो, हे पाहावे. मित्राला अवघड वाटू नये म्हणून आपण नाव लपवितो काय? पंगतीत मागे सरतो काय? तसे असेल, तर आपल्या हातात मित्राचा हात नसून जुनी साखळीच आहे, हे ओळखावे. जो मित्र आपल्यासाठी स्वतःची जागा थोडी सोडतो, त्याचा हात मात्र घट्ट धरावा.