मी धरलंय, भिऊ नकोस

गेल्या मे महिन्यात सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा चर्चच्या पटांगणात एक गृहस्थ आपल्या लहानग्या लेकीला सायकल शिकवीत होते. “बाबा, धरलंय ना?” असे ती मागे न पाहता विचारी आणि ते म्हणत, “धरलंय, भिऊ नकोस.” प्रत्यक्षात त्यांचा हात केव्हाच सुटला होता. आम्हांला हसू आले. परंतु रात्री एक जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. प्रेमापोटी बोललेले असत्य हे असत्यच असते काय?

आमचे बालपण वसईतल्या वाडीत गेले. वडील भल्या पहाटे भाजीची ओझी सायकलवर बांधून स्टेशन गाठीत. ती काळी, उंच सायकल दुपारी मोकळी होई. सीटवर बसले तर पाय पुरत नसत, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून, अंग तिरके करून पायडल मारायचे. वाटेच्या एका अंगाला कुंपण, दुसऱ्या अंगाला बावखल. वडील कॅरिअर धरून मागे धावत. “ज्या बाजूला पडशील त्याच बाजूला हँडल वळव,” हा त्यांचा एकमेव धडा. बालबुद्धीला तो पटत नसे. पण सायकलचा तोल सावरतो तो तसाच. कललेल्या अंगाखाली चाके नेली, की ती पुन्हा उभी राहते.

एके दिवशी वळणापर्यंत जाऊन मागे पाहिले, तर वडील पंचवीस-तीस पावलांवर कमरेवर हात ठेवून हसत उभे! ते दृश्य पाहिले मात्र आणि आम्ही सायकलसह बावखलात पडलो. चिखलाने माखून बाहेर आलो, पण फसवले गेल्याचा राग आला नाही. “आली की मला!” एवढेच आम्ही ओरडत होतो.

त्याच सुमारास दुसरीही विद्या मिळाली. गावात एक टांगेवाले चाचा होते. दिवसभराच्या फेऱ्या संपल्यावर ते घोडा सोडत, त्याला खरारा करीत, चंदी घालीत आणि लहर लागली की आम्हां मुलांना त्याच्या उघड्या पाठीवर बसवीत. प्रथम लगाम त्यांच्या हाती असे. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, “आता सोडतोय हं. भीती वाटली तर वाटू दे, पण लगाम खेचू नको. मी इथंच आहे.” त्यांनी आम्हांला फसवले नाही. कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तुला फसवीन रे, पण घोड्याला कसं फसवणार? तुझी मांड आवळली, की त्याला सगळं कळतं.”

सायकलच्या पूर्वजाचा जन्म घोड्याविना प्रवास करण्याच्या खटपटीतून झाला. 1817 साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस यांनी पायांनी जमीन रेटीत चालवायचे दोन चाकांचे लाकडी वाहन चालवून दाखविले. त्याला दाणा-वैरण लागत नव्हती. पण स्वार घाबरला आहे हे ओळखणारा जीवही त्यात नव्हता. घोड्यावर बसलेल्याला मात्र खरे बोलण्यावाचून गत्यंतर नसते.

सेमिनरीत आम्ही संत ऑगस्टीन शिकलो. सुमारे इ.स. 420 मध्ये असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी एक अवघड उदाहरण घेतले आहे. एक मनुष्य अत्यवस्थ आहे आणि त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे. तो विचारतो, मुलगा जिवंत आहे ना? काय सांगावे? संतांचे मन हेलावते, तरी ते असत्याला मुभा देत नाहीत. मात्र सत्य न बोलता राहणे आणि असत्य बोलणे यांत ते भेद करतात. संत थॉमस अक्वायनस यांनी परोपकारासाठी बोललेल्या असत्याचा दोष हलका मानला, तरी दोष मानलाच. तरुणपणी आम्हांला हे कठोर वाटे. सायकलच्या मागे धावणाऱ्या बापाला कोणी पापी म्हणेल काय?

2009 साली वडील रुग्णालयात होते. दिवस थोडे उरले असल्याचे डॉक्टरांनी आम्हांला सांगितले होते, वडिलांना नाही. एका दुपारी त्यांनी आमचा हात धरून विचारले, “मी यातून उठेन ना रे?” आम्ही म्हणालो, “उठाल, भिऊ नका.” धाकट्या काकांशी त्यांचा वाडीच्या बांधावरून कित्येक वर्षांचा अबोला होता. “घरी गेलो की त्याला बोलावतो,” असे ते म्हणत राहिले. ते घरी आलेच नाहीत. काका आले ते अंत्यविधीला, आणि शवपेटीजवळ बराच वेळ उभे राहिले.

तेव्हापासून आम्ही दोन्ही असत्ये तोलून पाहिली आहेत. वडिलांचे असत्य उघडकीस येण्यासाठीच होते. आम्ही मागे वळून पाहावे म्हणून ते हसत वाट पाहत उभे होते. आमचे असत्य कधीच उघड होऊ नये अशी आमची धडपड होती. त्यांनी आम्हांला मोकळे केले. आम्ही मात्र त्यांच्या वाट्याचे उरलेले दिवस त्यांच्यापासून लपवले. आणि खरे सांगायचे तर, त्या दुपारी भ्यालो होतो ते आम्हीच.

यावरून वडिलांचे असत्य निर्दोष ठरते, असे आम्ही म्हणणार नाही. चाचांचा मार्ग अधिक सरळ होता. “सोडतोय, पण इथंच आहे,” या शब्दांत सत्यही आहे आणि प्रेमही आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पेत्र पाण्यावर पाऊल टाकतो, तेव्हा प्रभू त्याला आधीपासून धरल्याचे भासवीत नाही. तो त्याला केवळ ये म्हणतो. आणि पेत्र बुडू लागताच हात पुढे करतो.

आता धर्मग्रामातील एखादा रुग्ण आम्हांला तोच प्रश्न विचारतो, तेव्हा आम्ही खुर्ची जवळ ओढतो आणि आधी विचारतो, “तुम्हांला काय वाटतं?” बहुतेकांना ठाऊक असते. घोड्याप्रमाणे त्यांनाही आमच्या हाताच्या कंपावरून सारे कळलेले असते. मग कोणाला बोलवायचे आहे, हे ते सांगतात, आणि आम्ही निरोप घेऊन निघतो.