हक्क मतपेटीत घालावा काय?

स्त्रीचा स्वतःच्या देहावरील हक्क शेजाऱ्यांच्या मतांवर ठरावा काय? अमेरिकेत हा प्रश्न आज उभा आहे. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेऊन निर्णय राज्यांवर सोपविला. तेव्हा सामान्य माणसे सह्यांचे कागद घेऊन फिरली. मिशिगनमध्ये सात लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि त्याच वर्षी मतदारांनी हा हक्क राज्यघटनेत लिहिला. २०२३ साली ओहायोने तेच केले. फ्लोरिडात २०२४ साली सुमारे ५७ टक्के मते मिळूनही हक्क हरला, कारण अट ६० टक्क्यांची होती.

कोणी म्हणेल, हक्क म्हणजे भीक नव्हे. मग मते का मागावीत? हे म्हणणे खरे आहे. परंतु न्यायालयाने दिलेले न्यायालयानेच नेले, आणि आजचे बहुमत उद्या फिरू शकते. म्हणून हक्काचा खरा आधार माणसांची जागी झालेली न्यायबुद्धी हाच होय. दारोदार जाणारा कार्यकर्ता मत तर मागतोच, पण त्याहून मोठे काम करतो: परक्या स्त्रीचे दुःख तो दुसऱ्याला विचार करायला लावतो. असे काम एका मतदानाने संपत नाही. फ्लोरिडात तर ते अजून पुरे व्हायचे आहे.