मेलेले परत येतात तेव्हा

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा 121वा अंक 1973 सालचा. त्यात ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन, म्हणजे तिचा प्रियकर पीटर पार्कर, जाळ्याचा दोर फेकतो. दोर तिच्या पायांना बरोबर चिकटतो आणि तिचे पडणे थांबते. आपल्या शक्तीवर खूश होत तो तिला वर ओढून घेतो, तिच्याशी बोलू लागतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येते की ती जिवंत नाही. आता मागे जाऊन दोर चिकटला ती चौकट पुन्हा पाहावी. ग्वेनच्या मानेजवळ एक छोटासा आवाज लिहिलेला आहे, ‘स्नॅप’. घाईने पान उलटणाऱ्याच्या नजरेतून तो सहज सुटतो. गॉब्लिन म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडताना ती धक्क्यानेच मेली असणार. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनी मान्य केले की दोराच्या हिसक्याने तिची मान मोडली.

या एका चौकटीसाठी ही कथा आज पुन्हा वाचावी असे मला वाटते. स्पायडरमॅनचा जन्म 1962चा. पळणाऱ्या चोराला अडवण्याची ताकद असूनही पीटर बाजूला उभा राहतो, आणि पुढे त्याच चोराच्या हातून त्याचे काका बेन मारले जातात. अंगी शक्ती असेल तर ती वापरलीच पाहिजे, हा धडा त्या दिवशी त्याने गिरवला आणि पुढची अकरा वर्षे पाळला. पुलावरही तो कचरत नाही, उशीर करत नाही, नेमही चुकवत नाही. तरी ग्वेन मरते, आणि बहुधा त्याच्याच हाताने मरते. म्हणजे 1962च्या धड्याला 1973ने दिलेले हे उत्तर आहे. अमेरिकी प्रकाशकांनी 1954मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या कॉमिक्स कोडप्रमाणे प्रत्येक कथेत सुष्टांचा दुष्टांवर विजय व्हायलाच हवा होता. गॉब्लिनही पुढच्याच अंकात मरतो, म्हणजे नियम पाळला गेला. पण त्या विजयाने पीटरच्या हाती काहीच लागत नाही. हे लिहिणारे जेरी कॉनवे तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते, याचे मला फार अप्रूप वाटते. गिल केन यांच्या रेखाटनाला आणि जॉन रोमिटा यांच्या शाईलाही श्रेयाचा मोठा वाटा द्यायला हवा.

ही थोरवी मान्य करताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. त्या पुलावर ग्वेन बेशुद्ध आहे. स्वतःच्या मरणाच्या प्रसंगात तिला एकही वाक्य नाही. दुःख पीटरचे, अपराधभाव पीटरचा. ती फक्त त्याला कारण पुरवते. पुढे ही रीतच पडली. 1994मध्ये ‘ग्रीन लँटर्न’च्या नायकाला आपल्या प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. त्यावरून 1999मध्ये गेल सिमोन यांनी अशा मारल्या गेलेल्या, छळल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली. ती यादी शेजारी ठेवूनच आज 121वा अंक वाचला पाहिजे. त्याने कथा लहान होत नाही, पण तिची किंमत कोणी चुकवली ते दिसते.

धंद्याने यातून वेगळाच धडा घेतला: मरण खपते. 1988मध्ये दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, जगवायचे की मारायचे हे डीसी कंपनीने वाचकांच्या फोनवर सोपवले. मारा म्हणणारे फोन 5,343 आले, जगवा म्हणणारे 5,271. बहात्तर फोनांच्या फरकाने पोरगा गेला. लोक या मतदानाला क्रूर म्हणतात. मला त्याहून मोठा दोष दिसतो तो हा, की दोन्ही शेवट तयार होते. जी कथा दोन्हींपैकी कोणत्याही शेवटाने चालते, तिला मुळात त्या मरणाची गरजच नसते. 2005मध्ये जेसन परत आला, आणि यायला अडचण अशी काहीच नव्हती. 1992च्या सुपरमॅनच्या मृत्यूत कारागिरी खरी होती. पानावरच्या चौकटी अंकागणिक चार, तीन, दोन अशा घटत जातात आणि शेवटच्या अंकात प्रत्येक पानावर एकच चित्र उरते. पण तो अंक काळ्या पिशवीत, दंडाला बांधायच्या काळ्या फितीसह विकला गेला, आणि सुपरमॅन वर्षभरात परतला.

आपल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भेटलेल्या वेताळाची गोष्ट इथे आठवते. ली फॉक यांनी 1936मध्ये निर्माण केलेला हा नायक जंगलाला अमर वाटतो, कारण बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. तिथे अमरत्व हा देखावा आहे आणि मरण पक्के. बड्या कंपन्यांनी याच्या नेमके उलट करून ठेवले.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत खरे मरण 1982च्या ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’मध्ये आहे. ते लिहिले आणि चितारले जिम स्टार्लिन यांनी. सहा वर्षांनी जेसन टॉडची कथाही त्यांनीच लिहिली. स्टार्लिन यांचे वडील कर्करोगाने गेले होते. इथला नायक मार-व्हेल हाही कर्करोगानेच मरतो. एका जुन्या लढाईत विषारी वायू त्याच्या अंगात गेलेला असतो. लढायला समोर कोणी शत्रू उरलेला नसतो. त्याचा तरुण मित्र रिक जोन्स जमलेल्या महावीरांवर संतापतो: एवढी तुमची बुद्धी, मग या रोगावर उपाय कसा शोधता येत नाही? शत्रुपक्षाचा एक सेनानी येतो आणि शौर्यपदक देऊन जातो. बाकीचे बिछान्याभोवती उभे राहतात. विश्व वाचवणाऱ्यांना तिथे करण्यासारखे काहीच नसते.

जुन्या सुपरहिरो कथा पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या मराठी वाचकाने या पुस्तकापासून सुरुवात करावी. आधीचे अंक वाचलेले नसले तरी अडत नाही. आरंभीच मार-व्हेल आपला सगळा इतिहास स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवतो.