ई-४

बेसबॉलचा खेळ लिहिताना नावं लिहीत नाहीत, जागांचे आकडे लिहितात. पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्या बेसजवळचा चार. ‘ई’ म्हणजे एरर, चूक. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, न्यू जर्सीतल्या एका मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून मी फोनवर ई-४ अशी नोंद केली. तो चार नंबर म्हणजे माझा मुलगा. वय वर्षं दहा.

बॉल सरपटी आला होता. मुलगा उजवीकडे तीन पावलं धावला, वाकला, ग्लोव्ह जमिनीला टेकवला, आणि अगदी शेवटी बॉल खड्यावर आपटून किंचित उडाला. ग्लोव्हच्या टोकाला लागून मागे गवतात गेला. तिसऱ्या बेसवरचा मुलगा पळत घरी पोचला, समोरच्यांचा एक रन झाला. अ‍ॅपने मला विचारलं: हिट की एरर?

हिट दिली तर श्रेय मारणाऱ्याचं, आणि तो रन आमच्या पिचरच्या खात्यावर जाणार. एरर दिली तर पिचर सुटतो, कारण तो रन त्याच्या हिशोबात धरत नाहीत. चूक मात्र माझ्या मुलाच्या नावावर लागते. पिचरचे वडील माझ्या खुर्चीमागे कुंपणाला टेकून उभे होते. ते काहीही बोलले नाहीत. मी एरर दिली.

खरं सांगायचं तर तिथे दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मी बहुधा हिट दिली असती. आईने आपल्या पोराला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ती चूक त्याच्या माथी मारली. माझ्या निःपक्षपातीपणाची किंमत त्याने भरली. तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते आणि सांगलीत रात्रीचे आठ. अ‍ॅपवर खेळ जसाच्या तसा दिसतो. माझे आईबाबा जेवणाआधी फोन घेऊन बसलेले असतात. नातवाची चूक नातवाच्या आधी त्यांना वाचायला मिळाली.

परतताना गाडीत त्याने माझा फोन मागितला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई, ई-४ तू दिलंस?”

“हो.”

“पण मी पोचलो होतो ना.”

तक्रारीचा सूर नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मार्चमध्ये कोचने स्कोअर ठेवायला कोण तयार आहे असं विचारलं तेव्हा मी हात वर केला, कारण हे काम मला येतं अशी माझी समजूत होती. लहानपणी आजोबांबरोबर रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत चौकटीच्या वहीत मी क्रिकेटचा स्कोअर लिहीत असे. एकदा स्लिपमध्ये झेल सुटला आणि मी विचारलं, हा कुठे लिहायचा? आजोबा म्हणाले, “सुटलेला झेल लिहीत नाहीत.” मला ते तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं. बिचाऱ्या बोलरची विकेट गेली, आणि ज्याच्यामुळे गेली त्याचं नावसुद्धा कुठे नाही! क्रिकेटच्या धावफलकात आजही ते नाव नसतं. मारणाऱ्याचे रन मात्र पुरते धरले जातात. बेसबॉलच्या फलकावर तीन मुख्य रकाने असतात: रन, हिट आणि एरर. संघाने किती चुका केल्या हे सगळ्या मैदानाला दिसेल असं लावलेलं असतं.

गंमत म्हणजे हा रकाना ज्याच्यामुळे रूढ झाला तो माणूस क्रिकेटमधूनच आलेला. हेन्री चॅडविक, जन्म १८२४, इंग्लंडमधलं एक्सेटर. लहानपणीच कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला आला आणि पुढे क्रिकेटचा वार्ताहर झाला. १८५६ साली होबोकेनच्या मैदानावर, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच, बेसबॉलचा एक सामना पाहून तो या खेळाच्या प्रेमात पडला. वर्तमानपत्रात छापला जाणारा ‘बॉक्स स्कोअर’ हे त्याचं देणं मानतात. त्या काळी क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी बॉल अडवत, त्यामुळे कोण हुकला याला मोठं महत्त्व होतं. चॅडविकला नुसती मोजणी नको होती. प्रत्येकाचा गुण आणि दोष त्याच्या त्याच्या नावापुढे लिहिला गेला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हिशोबनिसापेक्षा त्याच्यात शाळामास्तर जास्त असावा.

नियमपुस्तकात चुकीची व्याख्या आहे, आणि ती वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. साधारण प्रयत्नाने जो बॉल अडवता आला असता तो अडला नाही तर चूक. साधारण म्हणजे काय? त्या पातळीवरच्या, त्या जागी खेळणाऱ्या सर्वसाधारण खेळाडूकडून अपेक्षित तेवढा. व्यावसायिक खेळात हे ठरवायला अधिकृत माणूस नेमलेला असतो. त्याने त्या पातळीवरचे शेकडो सामने पाहिलेले असतात, तो पुन्हा चित्रण पाहू शकतो. इथे मी होते. ज्या मैदानाच्या मातीत खडे आहेत तिथे दहा वर्षांच्या मुलाचा साधारण प्रयत्न केवढा, हे मी कशावरून ठरवलं? त्याच मुलाला रोज बुटाच्या नाड्या बांधायची आठवण करून द्यावी लागते.

रन झाला ही घटना आहे, ती मैदानावरच्या सगळ्यांनी पाहिली. चूक झाली हे माझं मत आहे. पण अ‍ॅपमध्ये दोन्ही गोष्टी एकाच टायपात, तीन दशांश स्थळांपर्यंत येतात. समजा हंगामभरात एखाद्या मुलाकडे चोवीस बॉल आले आणि त्यातले दोन सुटले, तर त्याची सरासरी .९१७. पंचविसावा बॉल मी एरर म्हणून लिहिला की ती .८८० वर येते. तोच बॉल हिट म्हणून लिहिला तर तो त्याच्या हिशोबातच धरला जात नाही. एवढा फरक माझ्या एका बोटाने पडतो, आणि बोट कुणाचं होतं याची नोंद कुठेही राहत नाही. मुलाला दिसतो तो आकडा. शाळेत शिकवलंय की आकडा म्हणजे मोजलेली गोष्ट, जशी उंची, जसं वजन. तेव्हा .८८० हे आपल्याविषयीचं सत्य आहे असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

जून उजाडला तसं मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. त्याच्या उजवीकडून, डावीकडून बॉल जात होते आणि तो दोन पावलं अलीकडेच थांबत होता. झेपावणं तर बंदच. मी प्रामाणिकपणे त्या सगळ्या हिट लिहीत होते, कारण नियमाप्रमाणे त्या हिटच होत्या. ज्या बॉलपर्यंत खेळाडू पोचलाच नाही तो साधारण प्रयत्नाने अडला असता असं कोणत्या तोंडाने म्हणणार? जूनच्या अखेरीस त्याची फील्डिंगची सरासरी संघात दुसरी होती. कोचने शाबासकी दिली. तो थांबतो हे कोचच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते तो मुद्दाम करतोय की नकळत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. कारण मुद्दाम असेल तर त्याने पद्धत माझ्यापेक्षा चांगली ओळखली होती. चूक फक्त त्याच्या नावावर लागते जो हात पुढे करतो.

बिल जेम्सने १९७०च्या दशकात नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. चुका कमी म्हणजे क्षेत्ररक्षक चांगला, असं कसं? मग त्याने उलट मोजायला सुरुवात केली: सामन्यामागे या खेळाडूने किती जणांना बाद केलं आणि किती जणांना बाद करायला हात लावला. काय सुटलं यापेक्षा काय झालं ते. साधी गोष्ट, पण तोवर शंभरेक वर्षं लोक चुकाच मोजत बसले होते.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बंद कर ते अ‍ॅप, मुलांना खेळू दे. अशी माणसं मला आवडतात आणि त्यांचा रागही येतो. आकडे नसले की काय होतं हे आम्ही आदल्याच वर्षी पाहिलं होतं. तेव्हाच्या संघात कोचचा मुलगा कायम शॉर्टस्टॉपला आणि फलंदाजीच्या क्रमात वर. इथे याला ‘डॅडी बॉल’ असा शब्दच आहे. एक मुलगी नेहमी शेवटी मारायला यायची. अबोल. तिची आई शनिवारीही कामावर असायची, कोचशी चार शब्द बोलायला कुणी नव्हतं. महिनाभराने एका पालकाने कागदावर साधी बेरीज मांडली: कोण किती वेळा बेसवर पोचलं. ती मुलगी सगळ्यांच्या वर होती. कोच ओशाळला आणि पुढच्या सामन्यापासून ती दुसऱ्या क्रमांकावर आली. त्या कागदाशिवाय ते झालं नसतं. मीही ज्या घरातून आले तिथे कुणाची ओळखपाळख नव्हती. दहावी-बारावीच्या मार्कांनी माझी बाजू मांडली म्हणून मी इथवर पोचले. ‘आकड्यांत काय ठेवलंय’ हे वाक्य बहुतेकदा ज्यांचं आकड्यांवाचून भागतं त्यांच्याच तोंडी ऐकलंय.

शिवाय आमच्या लीगमध्ये एक आकडा असा आहे की त्याबद्दल कुणीच कधी कुरकुर करत नाही. नऊ-दहा वर्षांच्या पिचरने एका दिवसात ७५ पेक्षा जास्त बॉल टाकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. लिटल लीगने हा नियम २००७ सालापासून लावला. कोवळ्या कोपरांची आणि खांद्यांची चाळण होऊ नये म्हणून. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा अस्थिबंध पहिल्यांदा नव्याने बसवला. त्या शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे, आणि शाळकरी मुलांवरही ती होते. बॉलची ही मोजणी मीच ठेवते. साठच्या पुढे गेलं की कोचला बोटांनी खूण करते. तो आकडा मुलाला जोखत नाही, आम्हा मोठ्यांना आवरतो.

चॅडविकचा एक सावत्र भाऊ होता, वयाने बराच मोठा. एडविन चॅडविक. १८४२ साली त्याने इंग्लंडमधल्या कष्टकरी वस्त्यांच्या आरोग्यावर अहवाल लिहिला. कोणत्या भागात माणसं किती वयाला मरतात हे मांडून गटारांची आणि पाण्याची व्यवस्था सरकारला करायला लावणाऱ्यांत तो अग्रेसर होता. एका घरातले दोन मोजणारे. एकाने चुकीचा दोष माणसाच्या नावावर लिहिला, दुसऱ्याने परिस्थितीच्या, असं म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण १८३४चा गरिबांचा कायदा, ज्याने मदत मागणाऱ्यांना वर्कहाउसात ढकललं, तो घडवण्यातही याच एडविनचा हात होता. तेव्हा ती सोयीची वाटणी मी सोडून दिली.

या वर्षी पुन्हा मीच स्कोअर ठेवते. आमच्या वयोगटात एरर लिहायची नाही, बॉल सुटला तर नुसतं ‘बेसवर पोचला’ असं लिहावं, असं मी कोचला सुचवून पाहिलं. पिचरच्या वडिलांनी विचारलं, मग माझ्या मुलाचं काय? त्यांचं बरोबर होतं. कुणाच्या तरी नावावर तो रन लागतोच. एरर राहिली.

फक्त फोनशेजारी मी आता एक छोटी वही ठेवते, आजोबांसारखी चौकटीची. जो मुलगा बॉलपर्यंत पोचला, अडवो न अडवो, त्याच्या नावापुढे एक टिंब. हे कुणी मागितलेलं नाही आणि कुठे छापून येत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यानंतर मुलाच्या हाती ती लागली.

“ही टिंबं कसली?”

“पोचलास त्याची.”

“सुटला तरी?”

“सुटला तरी.”

तो पुन्हा झेपावायला लागलाय. गुडघे फुटतात, पँटचे डाग निघत नाहीत. आणि घरी येताना गाडीत बसल्या बसल्या तो वही मागून घेतो, आपली टिंबं मोजतो, मग शॉर्टस्टॉपची मोजतो.

“आज माझी सात,” परवा म्हणाला. “त्याची नऊ. तो शेवटचा बॉल त्याने धरलाच नव्हता ना, आई? मग त्याला टिंब का दिलंस?”