दानीएल आजारी पडतो

दानीएलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. वाचायची घाई नको. घरातल्या जुन्या डब्यात निजामाच्या काळचा, चारमिनारचा हाली सिक्का पडला असेल, तर तोही समोर ठेवा आणि त्यावरून एकदा अंगठा फिरवा. याच पैशांत लोहाऱ्याकडचा बाजार चाले, याच पैशांत सारा भरला जाई. आज वाणी तो घेणार नाही.

आता राजाच्या स्वप्नातली मूर्ती. सोन्याचे डोके, रुप्याची छाती, पितळेचे पोट, लोखंडी तंगड्या. आणि पावले? लोखंडात माती कालवलेली. कोणाचा हात न लागता सुटलेला दगड नेमका पावलांवरच आदळतो. इथे जरा थांबा. बाबेलच्या सगळ्या ज्ञान्यांना ठार करा, असा हुकूम सोडलेल्या राजापुढे दानीएल उभा आहे. सोन्याचे डोके म्हणजे तूच, असे तो नबुखद्नेस्सराला सांगतो, आणि त्याच दमात, तुझ्यामागून दुसरे राज्य येईल, हेही.

पुढची राज्ये कोणती? मेद-पारस, ग्रीस, रोम हा जुना क्रम. काही अभ्यासक मेद आणि पारस वेगळे धरून ग्रीसपाशी थांबतात. तक्ते करणाऱ्यांनी तक्ते करावेत. मला त्यात गोडी उरलेली नाही. दर नव्या युद्धाबरोबर सातव्या अध्यायातले त्यांचे चौथे श्वापद बदलते.

आपल्या जवळचा नळदुर्ग पाहा. बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम असे किल्ल्याचे धनी बदलत गेले. १८५३ ते १८६० इंग्रजांनीही हा मुलूख चालवला. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आली, नळदुर्ग पडला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दोन शतकांची सत्ता पाच दिवसांत आटोपली.

मराठवाडा १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तीचा म्हणून पाळतो, आणि ते रास्तच आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जाच याच गावांनी सोसला. पण त्यानंतर आपल्याच जिल्ह्यात मुसलमान शेजाऱ्यांचे रक्त सांडले. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचे नाव घेतले. निजाम मात्र राजप्रमुख झाला. मूर्ती कोसळते तेव्हा तिचे तुकडे कोणाच्या अंगावर पडतात? हा प्रश्न मनात घोळू द्या, उत्तर लगेच देऊ नका.

यिर्मया संदेष्टा शत्रुराष्ट्र मवाबाचा नाश सांगतो आणि त्याच मवाबासाठी आक्रोश करतो. शत्रूच्या पडझडीत त्याला आनंद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आपल्या तालुक्यातले सास्तूर ढिगारा झाले. अशा वेळी शेवटच्या काळाची खूण म्हणून बोट दाखवणे फार सोपे. येशूने भूकंपांचा उल्लेख केला तो, एवढ्यात शेवट नाही, घाबरू नका, हे सांगताना. ढिगाऱ्याखाली माणूस असताना जो दिनदर्शिका चाळतो, त्याने ते वचन अर्धेच वाचले आहे.

आता आठवा अध्याय, अगदी शेवटचे वचन. मेंढा आणि बकरा यांची टक्कर, म्हणजे राज्यांचीच टक्कर, पाहून दानीएल गळून जातो. कित्येक दिवस आजारी पडतो. मग उठतो आणि राजाच्या कामाला लागतो. बाबेलच्या राजाच्या! हे राज्य टिकणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी हातातले काम तो टाकत नाही. पण म्हणून कोणत्याही राज्यापुढे गुडघे टेकत नाही; सहाव्या अध्यायातली सिंहांची गुहा आठवा. काम करणे वेगळे, भजणे वेगळे. श्वापदांच्या शिंगांपेक्षा या एका वचनापाशी मी जास्त रेंगाळतो.

यिर्मयानेही बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्रातून तेच कळवले होते: घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

तेव्हा आता वही घ्या. तहसीलदार, फौजदार, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, आमदार यांची नावे लिहा आणि एकेकासाठी प्रार्थना करा. ज्याचा राग येतो, त्याचे नाव सगळ्यात वर घाला.