हाकाला उत्तर

न्यूझीलंडचा रग्बी संघ सामन्याआधी मैदानाच्या मधोमध हाका करतो, तेव्हा अनेकांना ती निव्वळ धमकी वाटते. वाकलेले गुडघे, मांड्यांवर सपासप पडणारे तळहात, वटारलेले डोळे, एका दमात उठणारी ललकारी. पण हाकांमधला सर्वांत प्रसिद्ध ‘का माते’ हा जीव वाचल्याच्या आनंदातून आलेला आहे. १८२०च्या सुमारास न्गाती तोआ जमातीचा प्रमुख ते राउपराहा शत्रू मागावर असताना रताळी साठवायच्या खड्ड्यात दडून बसला होता. संकट टळलं, तो वर उजेडात आला आणि हा हाका जन्मला.

न्यूझीलंडची मूळ रहिवासी माओरी माणसं पाहुण्यांच्या स्वागताला हाका करतात, लग्नात करतात, मयतीलाही करतात. प्रत्येक वेळी समोर कुणीतरी असतं, आणि त्याने तो मनावर घ्यायचा असतो. रग्बीत हे भान बरीच वर्षं नव्हतं. परदेश दौऱ्यांवर, निम्म्या खेळाडूंना हालचालीही धड येत नसताना, हाका उरकला जाई. १९८०च्या दशकात बक शेलफर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंनी आग्रह धरला, की करायचा तर नीट शिकून करायचा. हाकाला आजचं वजन आलं ते तिथून.

हाकामुळे न्यूझीलंडला फुकटचा फायदा मिळतो, ही तक्रार मला पटत नाही. समोरच्याचे हात बांधले जातात, हे मात्र खरं आहे, आणि ते बांधलेत नियमांनी: हाका चालू असताना मधली रेघ ओलांडायची नाही. तरीही उत्तर देता येतं.

५ नोव्हेंबर २०१६, शिकागो. आयर्लंड आणि न्यूझीलंड यांचा सामना. आयर्लंडचा माजी खेळाडू आणि मन्स्टर या आयरिश संघाचा प्रशिक्षक अँथनी फोली काही दिवसांपूर्वीच अकाली गेला होता. तो आठ नंबरची जर्सी घालून खेळायचा. हाका सुरू झाला तेव्हा आयरिश खेळाडू आठच्या आकड्यात उभे राहिले. समोरून येणाऱ्या आव्हानाला त्यांनी आपल्या माणसाच्या आठवणीने उत्तर दिलं, आणि मग ४०-२९ असा सामना जिंकला. न्यूझीलंडवर आयर्लंडचा तो पहिलाच विजय. सहाच दिवसांनी न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंचा माओरी ऑल ब्लॅक्स संघ मन्स्टरशी खेळायला लिमरिकला आला. हाकाआधी त्यांनी फोलीच्या नावाची आद्याक्षरं असलेली आपली जर्सी मैदानावर ठेवली आणि नंतर त्याच्या मुलांच्या हाती दिली. देणंघेणं असं दोन्हीकडून झालं, म्हणून ते मला इतकं मोलाचं वाटतं.

आता २०१९ पाहा. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात योकोहामाला इंग्लंडचे खेळाडू बाणाच्या टोकासारखे दोन फळ्यांत पसरून हाकासमोर उभे राहिले. काहीजण मधली रेघ ओलांडून पुढे गेले, म्हणून संघाला दोन हजार पौंडांचा दंड झाला. न्यूझीलंडचे प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन मात्र सामना हरूनही त्या उत्तराचं कौतुक करत होते. आव्हान दिलं की प्रतिसाद हवाच, असं त्यांचं म्हणणं.

ज्यांचा हाका, त्यांची हरकत नसेल तर दंड कुणाच्या मानासाठी? धक्काबुक्की होणार नाही एवढं पंचांनी पाहावं. उत्तर कसं द्यायचं, हे समोरच्या संघाला ठरवू द्यावं.